तबकडी कोणाची?

जुन्या घड्याळाच्या जाहिरातीत ‘ओरिजिनल’ हा शब्द दिसला की मी आधी तबकडीचा फोटो मोठा करतो. किंमत नंतर. कारखान्यात छापलेल्या अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. हाताने पुन्हा रंगवलेल्या तबकडीत अक्षरं जाड होतात आणि कडेची एखादी रेघ वाट चुकते. काट्यांवरचं रेडियम पिवळं पडलंय आणि आकड्यांवरचं मात्र पांढरंशुभ्र, असं दिसलं तर दोघं एकत्र म्हातारे झालेले नाहीत. पट्टा अडकतो तिथल्या धारदार कडा गोल झाल्या असतील तर केस पॉलिशला जाऊन आलेली आहे. मागचं झाकण उघडल्यावर स्क्रूंची डोकी ओरखडलेली दिसली तर आत बरेच हात फिरलेत.

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः एचएमटीचा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूला घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं लग्नात आणि निवृत्तीच्या समारंभात मनगटावर चढली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जी घड्याळं आजोबांच्या कपाटात पडून होती, ती इन्स्टाग्रामवर आली. त्यांच्याबरोबर तिरंगी तबकडीची पायलटही आली. तिचा तिरंगा कारखान्याबाहेर चढलेला असतो.

पण खरा आणि खोटा इतका सोपा हिशेब नाही. काच बदलली, स्प्रिंग बदलली, चावी बदलली, तर संग्राहक फारसा कुरकुरत नाही. तबकडी रंगवली की मात्र अर्धी किंमत गेली. का? स्प्रिंग तर रोज काम करते, तबकडी नुसती दिसते. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने विचारलं होतं, तू रथातून आलास ना, मग आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागलं. (बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या कॉलेजला याच राजाचं नाव आहे. प्रश्न विचारणाऱ्याचं, हे मला फार आवडतं.) नागसेनाकडे दुसरा दाखलाही होता: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहाटेची ज्योत संध्याकाळचीच का? तीच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही.

आपल्या परंपरेला या गोष्टीचा त्रास कधी झाला नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्याचं काम. अहिल्याबाईंनी घृष्णेश्वराचं देऊळ नव्याने बांधलं, म्हणून देव डुप्लिकेट झाला नाही. खंडाळा तालुक्यातच नायगावला सावित्रीबाईंचं जन्मघर जतन केलंय. तिथे जाणारा माणूस कौलं कोणत्या सालची आहेत ते विचारत नाही.

मग घड्याळाचंच एवढं काय? फरक एवढाच, की देऊळ कोणी विकत नाही.

खंडाळा म्हणजे लोणावळ्याचं नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. तिथल्या ओळखीच्या एका काकूंनी मला त्यांच्या यजमानांची ‘जनता’ तपासायला दिली. पुण्यातला एक संग्राहक चांगले पैसे द्यायला तयार होता, अट एकच, सगळं ओरिजिनल हवं. मशीन कंपनीचं, सतरा ज्वेल, व्यवस्थित चालणारं. केसही त्याच्याबरोबरचीच. तबकडी मात्र रंगवलेली. काकूंना ते आठवतही होतं. मुलीच्या लग्नाआधी काकांनी हौसेने ती रंगवून घेतली होती, घामाने आकडे काळे पडले होते म्हणून. पुढे वीस वर्षं त्यांनी तेच घड्याळ वापरलं.

मी सांगितलं तेव्हा काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे त्यांचं नाही का?”

“त्यांचंच आहे, काकू. कारखान्याचं थोडं कमी आहे.”

त्यांचा पुतण्या बाजूलाच होता. तो म्हणाला, “मग ओरिजिनल लिहूया की. काकांचं ओरिजिनलच आहे ना!” त्याचं म्हणणं वरवरचं नव्हतं. एकाच शब्दाचे दोन खरे अर्थ असतील तर आपल्याला परवडणारा का वापरू नये? पण घेणारा तो शब्द आपल्या अर्थाने वाचणार नाही, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. अश्वत्थामा मेला, हे धर्मराजाचं वाक्यही शब्दशः खरंच होतं. हत्ती मेलाच होता. मला तरी वाटतं, खोटेपणा तबकडीवरच्या रंगात नसतो. तोच रंग, तोच ब्रश. एकाने लेकीच्या लग्नासाठी फिरवला, दुसरा गिऱ्हाईक फसवायला फिरवतो. भिंगातून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून भिंग ठेवल्यावरच तपासणीचा अवघड भाग सुरू होतो.

मला एक गोष्ट टोचत होती, अजूनही टोचते. खरं बोलायचा आग्रह माझा होता आणि पैसे काकूंचे जाणार होते. तपासणाऱ्याला प्रामाणिकपणा नेहमीच स्वस्तात पडतो. विधवा बाईच्या औषधपाण्याचा खर्च एका बाजूला आणि अनोळखी, पैसेवाल्या संग्राहकाचं समाधान दुसऱ्या बाजूला, असा तराजू धरला तर पारडं कुठे झुकावं हे सांगायला मला जड जातं. पण त्या संग्राहकाला खोटं सांगितलं असतं तर त्यात काकांचं लग्नासाठी घड्याळ सजवणंही लपवावं लागलं असतं, जणू त्यांनीच काही लबाडी केली होती. मला ते पटेना. काकूंनाही पटलं नाही. पुतण्याला हे आजही पटलेलं नाही, आणि तो मूर्ख नाही.

शेवटी आम्ही लिहिलं: मशीन, केस, काटे कंपनीचे, तबकडी मालकाने लेकीच्या लग्नाआधी रंगवून घेतलेली. पुण्याच्या संग्राहकाने उत्तर दिलं नाही. महिन्याभराने दुसऱ्या एका मुलाने निम्म्याहून कमी पैशांत ते घेतलं, रोज वापरायला.

देण्याआधी काकूंनी पट्टा काढून ठेवला. तो कंपनीचा नव्हता. काकांनी शेवटच्या वर्षी बाजारातून आणलेला, साधा, रेक्झिनचा, तिसऱ्या भोकापाशी वाकलेला.