स्लाइडचं माप

सकाळी वर्गाच्या गटावर विज्ञानाच्या धड्याची स्लाइड चित्र म्हणून येते. मूल दोन बोटांनी ती मोठी करतं, तर ‘रक्ताभिसरण’मधला ‘क्त’ नुसता काळा ठिपका दिसतो. बाईंच्या संगणकावर हेच अक्षर अगदी रेखीव होतं.

पॉवरपॉइंटमध्ये असेपर्यंत अक्षर ही आकृती असते. कितीही मोठी करा, कड फुटत नाही. स्लाइड चित्र म्हणून जतन केली की मात्र तिचे पिक्सेल होतात, आणि किती व्हावेत हे आपण सांगितलं नाही तर संगणकच ठरवून टाकतो. विंडोजवर तो इंचाला ९६ धरतो. रुंद स्लाइड १३.३३३ बाय ७.५ इंचांची, म्हणून चित्र १२८० बाय ७२० चं. साध्या प्रोजेक्टरला ते चालून जातं. पण हेच चित्र ए-थ्री कागदाच्या साडेसोळा इंच रुंदीवर छापलं, तर इंचाला जेमतेम ७८ पिक्सेल वाट्याला येतात.

देवनागरीला तर माप जरा सढळच लागतं. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर. एवढं सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं, तर पिक्सेलची काटकसर करून कसं भागेल? बाईंनी रात्री जागून केलेली आकृती मुलापर्यंत अर्धवट पोचावी, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण उपाय हाताशी आहे. मॅकवर आणि लिबरऑफिसमध्ये जतन करतानाच रुंदी-उंची लिहिता येते. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘एक्सपोर्टबिटमॅपरिझोल्यूशन’ ही नोंद ३०० केली, की तीच स्लाइड ४००० बाय २२५० होते. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल, तर सुरुवातीलाच स्लाइडची लांबी-रुंदी दुप्पट घ्यावी. चित्र २५६० बाय १४४० चं मिळतं. अर्थात स्लाइडवर चिकटवलेला फोटोच मुळात लहान असेल, तर पिक्सेल वाढवून त्यातला तपशील वाढत नाही. तो फोटो नव्यानेच मिळवावा लागतो.

मजकूर असेल तर जेपीईजीपेक्षा पीएनजी बरं. जेपीईजीत अक्षरांच्या कडेला धूसर डाग उमटतात. आणि गटावर टाकताना ते फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, नाहीतर व्हॉट्सॲप वाटेतच पिक्सेल कापतं आणि वाढवलेलं माप वाया जातं.