आतला जोर, बाहेरचा सूर

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे कोया पुनेम हा धर्म मानणाऱ्या गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला येथे महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून भाविक येतात. कली कंकाली मातेची मुले येथील गुहेत कोंडली गेली आणि गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा बसली, अशी कथा आहे. कोया पुनेमचा प्रवर्तक पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटले. हिरासुका पाटारीने वाद्य छेडले. त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आले आणि त्यांनी एकजुटीने शिळा ढकलली. वादक मात्र त्याच शिळेखाली सापडून मरण पावला.

माणूस बंधनातून कोणाच्या बळावर सुटतो? व्यसनमुक्तीच्या विचारातला मूळ प्रश्नही हाच आहे. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही याची कबुली. पुढच्या पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवायचा असतो. बौद्ध पंचशीलातील मद्य टाळण्याचे पाचवे शील याउलट व्यक्तीने स्वतः घेतलेले व्रत आहे. एकीकडे शरणागती, दुसरीकडे निर्धार. कचारगडची कथा या दोहोंपैकी एकाची निवड करत नाही. सूर बाहेरचा होता, जोर आतला होता. एकट्या सुराने शिळा हलली नसती आणि सुरावाचून जोर जागा झाला नसता.

दारू सोडलेल्यांनी केलेल्या पथनाट्याचे बळ सूर आणि जोर यांच्या याच मेळात आहे. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याने आलेल्याला आधार देतो. पथनाट्य हा आधार केंद्राच्या भिंतीबाहेर, चौकात नेते. डफ वाजतो, लोक गोल करून उभे राहतात. बाटलीत पाणी असते, तरी ती उचलताना त्या माणसाचा हात कसा थरथरतो हे समोरच्या बाईला नेमके ओळखता येते. तो थरथराट तिने घरी पाहिलेला असतो. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील दारूच्या आहारी गेलेला सुधाकर नटाने उभा केला होता, येथे नट आणि पात्र यांच्यात अंतर फार थोडे उरते. चौकातली ही कबुली देवापुढे नव्हे, ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासारख्याच माणसांपुढे दिलेली असते. म्हणून उपदेशापेक्षा ती खोल जाते.

असे नाट्य गोंड मुलखात करायचे तर एक अवघड प्रश्न आधी सोडवावा लागतो. मोहाच्या फुलांची दारू येथे देवांना आणि पूर्वजांना अर्पण होते. सरसकट दारूवर हल्ला केला तर तो लोकांना आपल्या देवांवरचा हल्ला वाटेल, आणि हे वाटणे अकारण नाही. बाहेरून आलेल्या सुधारकांनी आदिवासींच्या चालीरीतींना अनेकदा हीन लेखले आहे. पण अर्पणाला वेळ असते, विधी असतो, पहिला वाटा पूर्वजांचा असतो आणि उरलेले सर्वांत वाटले जाते. व्यसनाला वेळ नाही, वाटेकरी नाही. पथनाट्याने हा फरक दाखवावा.

दारूचा त्याग बाहेरूनच लादावा लागतो असेही नाही. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यापासून दक्षिण गुजरातपर्यंत पसरलेल्या देवी चळवळीत अंगात आलेल्या साध्या आदिवासी माणसांच्या तोंडून दारू-ताडी सोडण्याचा आदेश आला. तो आपल्यातल्याच माणसाचा आवाज होता. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दंडार या लोकनाट्याची परंपरा जिवंत आहे. तिच्या चालीवर, गोंडी बोलीत, स्थानिक माणसाने आपली कहाणी मांडली तर ती परकी वाटणार नाही.

टाळ्यांचा मोह हा यातला खरा धोका आहे. पडझडीचे वर्णन रंगत जाते, नट स्वतःला गुरू समजू लागतो आणि व्यसनमुक्तांची रोजची सभा चुकवू लागतो. अशात तो पुन्हा प्यायला, तर लोक त्याच्या नाटकालाही खोटे ठरवतात. हा निकाल अन्यायाचा आहे. चौकात उभा राहिलेला माणूस कायमच्या विजयाचा दावा करत नाही. ‘आजचा दिवस प्यायलो नाही’ एवढेच तो सांगतो, आणि ज्या दिवशी सांगितले त्या दिवशी ते खरे असते.