मर्यादा आणि मोल

आपण स्वतःस जे समजत होतों ते आपण नाहीं, असें कळल्यावर मनुष्याचें मोल कमी होतें काय? हा प्रश्न मुलांच्या एका चित्रपटानें फार मार्मिकपणें मांडला आहे, असें आम्ही म्हटल्यास कित्येक वाचकांस हंसूं येईल. हा चित्रपट म्हणजे अमेरिकेंतील पिक्सार संस्थेचा, जॉन लॅसेटर यांनीं दिग्दर्शित केलेला, १९९५ सालचा 'टॉय स्टोरी'. संपूर्णपणें संगणकावर घडविलेला पूर्ण लांबीचा असा हा पहिलाच चित्रपट होय.

अँडी नांवाच्या मुलाच्या खेळण्यांत वुडी या बाहुल्याचा मान पहिला. वाढदिवसास बझ नांवाचा बाहुला घरांत येतो आणि वुडीचें आसन डळमळूं लागतें. बझची समजूत अशी कीं, आपण खरोखरीचे अंतराळवीर आहों. पुढें दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत तो स्वतःसच विकाऊ खेळण्याच्या रूपांत पाहतो. तरीहि मन मानीत नाहीं. तो उडूं जातो, कोसळतो आणि त्याचा हात निखळतो. या निराशेंतून त्यास बाहेर काढतो तो त्याचा प्रतिस्पर्धी वुडीच. एका मुलाचें आपल्यावर प्रेम आहे, हें अंतराळवीर असण्याहून थोर, असें तो त्यास समजावितो.

यावर कोणी म्हणेल, हा तर दास्याचा उपदेश झाला! मनुष्यास केवळ साधन मानूं नये, असें कांटनें बजावलें आहे. मग दुसऱ्याच्या उपयोगीं पडण्यांतच धन्यता कशी मानावी? आक्षेप बिनतोड भासतो खरा. परंतु दुसऱ्याच्या मर्जीवर स्वतःचें मोल ठरविणाऱ्याची दशा काय होते, हें वुडीच्या मत्सरांत चित्रपटानेंच दाखविलें आहे. बझला खोटा मोठेपणा सोडावा लागतो, वुडीला पहिलेपणाचा हट्ट. हीं दोन्हीं गेल्यावर जें उरतें तें स्नेहाचें कार्य. आणि तें कोणी लादलेलें नसून जाणून पत्करलेलें असतें. अखेरीस बझ पंख पसरून हवेंतून तरंगतो, पण आतां त्यास उड्डाणाचा भ्रम नाहीं.

निर्मात्यांनींहि हाच विवेक दाखविला. त्या काळच्या संगणकास माणसाची त्वचा व केस हुबेहूब साधत नसत. गुळगुळीत प्लॅस्टिक मात्र उत्तम साधे. म्हणून त्यांनीं खेळण्यांनाच नायक केलें. यंत्राची उणीव झांकण्याऐवजीं तिलाच त्यांनीं कथेचा विषय बनविलें.

या चित्रपटाचा प्रभाव दूरवर पोहोंचला. अमेरिकेंतील मोठ्या चित्रसंस्थांनीं हळूहळू पेन्सिल ठेवून संगणक हातीं घेतला. २००१ सालच्या चित्रपटांपासून चलत्चित्रपटांसाठीं स्वतंत्र ऑस्कर पारितोषिक सुरू झालें. आणि २००५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत 'टॉय स्टोरी'स स्थान मिळालें. आज संगणक केस, पाणी, धुकें, सर्व कांहीं रेखाटतो. परंतु यंत्राचा वारसा घेणें सोपें, विवेकाचा कठीण. आपली मर्यादा ओळखून तिच्यांतूनच कांहीं उभें करावें, हा त्या चित्रपटाचा खरा वारसा होय; आणि त्याची गरज चित्रकारांइतकीच आपणां सर्वांस आहे, असें आम्हांस वाटतें.