हळू वाजणारी तबकडी

मे महिन्यात चंद्रपूरचे रस्ते दुपारी ओस पडतात. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि कूलरच्या घरघरीत घरातल्या माणसांचे बोलणेही बुडून जाते. अशाच एका दुपारी माझ्या हातून जे घडले, त्यातून एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. शांततेची आवड हा सद्गुण म्हणावा काय?

मला यंत्रांवर रचलेले संगीत आवडते, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्यावर संस्कार पेटी-तबल्यावरच्या भक्तिगीतांचे. विजेच्या उपकरणातून निघणाऱ्या सुराला आत्मा नसतो, असे वडीलधारी मंडळी म्हणत. मला ते कधी पटले नाही. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या जर्मन रचनाकाराने एका मुलाचा आवाज आणि विद्युत्-ध्वनी एकत्र विणून, दानिएलच्या ग्रंथातील भट्टीत टाकलेल्या तरुणांचे स्तुतिगान १९५६ साली कोलोन येथे ऐकवले. शब्द मध्येच उमटतात, मध्येच ध्वनींच्या ज्वाळांत हरवतात. आपल्या मुंबईतही चरणजित सिंग या चित्रपट-वाद्यवृंदातील वादकाने १९८२ साली यमन, तोडी, भैरवी असे दहा राग जपानी यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात बांधले होते. ती तबकडी तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाने माना डोलावल्या. (मला स्वतःला तो ठेका दहा मिनिटांत थकवतो, हेही सांगून टाकतो.)

माझे खरे प्रेम ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारावर. त्याची ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही तबकडी १९७८ सालची. विमानतळाचे अप्रूप आम्हा चंद्रपूरकरांना नागपूर गाठावे तेव्हाच. तरीही हे संगीत माझ्या घरात सहज रुळले. त्यातल्या दुसऱ्या रचनेत शब्द नाहीत, ताल नाही. स्त्रियांच्या कंठातले एकेक दीर्घ सूर ध्वनिफितीच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर फिरत राहतात. लांबी असमान असल्यामुळे त्यांची गाठ दर वेळी निराळ्या जागी पडते. मठातल्या भगिनींची सायंप्रार्थना भिंतीपलीकडून ऐकू यावी, तसे मला वाटते.

त्या दुपारी मी कानांवर हेडफोन चढवून हेच ऐकत पडलो होतो. आई शेजारच्या खोलीत. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला आधारावाचून उठता येत नसे. रचना संपली, मी उठलो, पाहतो तो ती पलंगाच्या कडेशी सरकलेली, ओठ कोरडे, आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातापासून वीतभर दूर.

“केव्हाची आवाज देऊन राहिली मी, बाबू,” ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

मी स्वतःची समजूत घालू पाहिली. एकांत हवाच, प्रभूही गर्दी सोडून डोंगरावर जात असे. होरेब डोंगरावर एलीयाला परमेश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही. त्यानंतरच्या मंद स्वरात भेटला. हा उतारा मी माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून उघडला आणि पुढे वाचताना अडखळलो. त्या मंद स्वरापाठोपाठ एलीयाला विचारणा होते की, तू येथे काय करीत आहेस? आणि मग त्याला आल्या वाटेने परत, कामावर धाडले जाते. इतकी वर्षे मी तो उतारा मंद स्वरापाशीच थांबवीत आलो होतो.

ईनोचीही एक हकिगत आहे. १९७५ साली लंडनमध्ये एका मोटारीने त्याला धडक दिली. तो अंथरुणाला खिळला असताना एका मैत्रिणीने त्याला हार्पवादनाची तबकडी आणून दिली. त्याच्या सांगण्याप्रमाणे ती लावून तो कसाबसा पुन्हा आडवा झाला, तेव्हा आवाज फार बारीक असल्याचे लक्षात आले. एक बाजू तर बंदच होती. उठून आवाज वाढवण्याचे त्राण नव्हते. मग ते सूर बाहेरच्या पावसाच्या आवाजात मिसळून त्याला ऐकू येऊ लागले, आणि ऐकण्याची एक नवी रीत त्याला सुचली. त्याच वर्षी ‘डिस्क्रीट म्युझिक’ निघाली. उठता न येणाऱ्या माणसाचे हे संगीत, आणि ते ऐकताना मी उठता न येणाऱ्या आईला ऐकले नाही! ज्या संगीताने भोवतालचे आवाज आत घ्यावेत म्हणून जन्म घेतला, त्याचा मी कानाला बोळा केला होता.

आता तबकडी दोन खोल्यांमधल्या दारापाशी वाजते, आईचा खोकला तिच्यावरून ऐकू येईल इतक्या हळू. त्यात कोळशाच्या मालगाडीचा खडखडाट येतो. त्याच कोळशाची वीज माझे यंत्र चालवते. रात्री रातव्याची टकटक येते, आणि ती तर इतकी यांत्रिक की परगावचा पाहुणा तिला तबकडीतलीच समजला.

तिसऱ्या दिवशी आईने विचारले, “हे सुरू होऊन राहिलं की संपून राहिलं?”

मला उत्तर देता आले नाही. ईनोलाही कदाचित आले नसते.

हेडफोन अजून कपाटात आहेत. रात्री ती झोपल्यावर कधी काढतो आणि एक कान उघडा ठेवतो. दोनदा मात्र दोन्ही कान झाकले, हे येथे कबूल करतो.