पात्याचं पाणी

काठमांडूच्या थमेल भागातून आणलेली खुकुरी चार वर्षं आमच्या दिवाणखान्यात टांगलेली होती. पितळी सिंहमुखाची मूठ, म्यानावर नक्षी, आरशासारखं पातं. एका सुट्टीत ती गावी नेली आणि बाभळीची वाळकी फांदी तोडायला घेतली. तिसऱ्या घावाला धार पत्र्याच्या कडेसारखी मुडपली. गावातल्या म्हाताऱ्या लोहारानं पातं उलटसुलट करून पाहिलं, नखानं धार चाचपली आणि म्हणाला, “ह्येला पानीच न्हाई पाजलेलं.”

खुकुऱ्या जमवण्याचा माझा नाद खऱ्या अर्थानं त्या वाक्यापासून सुरू झाला. त्याआधी मी नुसती वाकडी पाती विकत घेत होतो.

हत्याराला पाणी पाजणं हा मराठीतला जुना शब्दप्रयोग. माणसालाही आपण पाणीदार म्हणतो, एखाद्याचं पाणी जोखतो. नेपाळीत पोलादाच्या या पाण्याला ‘पाइन’ म्हणतात. खुकुरीसाठी पोलाद बहुधा भंगारात निघालेल्या गाड्यांच्या कमानीच्या पाट्यांचं. कोळशाच्या भट्टीत तापवून, दोघातिघांनी आळीपाळीनं घण घालून ते पसरवलं, वाकवलं, कानशीनं घासलं, की उरतं ते पाणी. कारागीर पातं लालबुंद तापवतो. सबंध पातं तो पाण्यात बुडवत नाही. किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार तो फक्त पात्याच्या कडेवरून पुढेमागे फिरवतो. कड क्षणात निवते आणि टणक होते. पाठ अजून तापलेलीच असते. तिची ऊब हळूहळू कडेकडे परतते आणि टणकपणातला ठिसूळपणा काढून घेते. पोलादावर सरकणारा रंग पाहून नेमकं कुठे थांबायचं ते ठरवायचं. कडकपणा जास्त राहिला तर धारेचा काचेसारखा टवका उडतो, कमी पडला तर ती माझ्या थमेलच्या खुकुरीसारखी मुडपते. चांगल्या खुकुरीत जिथे घाव बसतो तो पोटाचा फुगीर भाग सर्वांत कडक असतो, पाठ मऊ राहते आणि धक्का सोसते. हे सगळं तापमापकाशिवाय, नुसत्या डोळ्यानं.

गोम अशी, की हे पाणी दुकानात दिसत नाही. दिसतं ते वळण, चकाकी, पितळ, शिंग. संग्राहकाची नजर जिथे खिळते तिथे कारागिराचं खरं कसब नसतं, आणि कसब असतं तिथवर नजर पोचत नाही. पाणी कळतं घाव घातल्यावर. म्हणून मला वाटतं, ज्या वस्तूचं मोल वापरातच कळतं, तिचा नुसता भिंतीवरचा संग्रह त्या वस्तूचं रक्षण करत नाही. सावकाश तिचं कसबच मारतो. गिऱ्हाईक कधी जोखणारच नसेल, तर पाण्याचा खटाटोप कोण करील?

खुकुरी मुळात वापरायचीच वस्तू. मराठी माणसाला कुकरी म्हटलं की सोसायटीच्या फाटकावरचा ‘गुरखा’ आठवतो, नाहीतर सिनेमातल्या गुरख्याच्या कमरेचं म्यान. नेपाळच्या डोंगरात ती घरातली असते. चुलीपाशी पायानं दाबून धरायची चुलेसी, म्हणजे आपली विळी. गवत कापायला हँसिया, म्हणजे विळा. सरपण फोडणं, बांबू तासणं, अचानोवर म्हणजे ठोकळ्यावर मांस तोडणं, वाटेतली झुडपं छाटणं ही कामं खुकुरीची. आपल्याकडे यांतली बरीचशी कोयता करतो. पातं पुढे झुकलेलं, वजन टोकाकडे, त्यामुळे मनगटाचं निम्मं काम पातंच उरकतं. म्यानाच्या मागच्या बाजूला दोन छोटी पाती असतात. कर्द बारीकसारीक कापायला, आणि बोथट चकमक धार सरळ करायला किंवा गारेवर आपटून ठिणगी पाडायला. उपसलेली खुकुरी रक्त पाजल्याशिवाय म्यान करायची नाही, असं पर्यटकांना हमखास सांगतात. ते खरं असतं, तर रोज सकाळी सरपण फोडणाऱ्या घरात कुणाची बोटं शाबूत राहिली नसती.

रक्ताची ही गोष्ट लष्करी कीर्तीच्या सावलीत वाढली. १८१४ साली डेहराडूनजवळच्या नालापानीच्या गढीवर नेपाळच्या बलभद्र कुंवरनं थोड्याशा शिबंदीनिशी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला महिनाभर थोपवून धरलं. कंपनीचा जनरल गिलेस्पी तिथे पडला, आणि गढी हाती आली ती तिचं पाणी तोडल्यानंतरच. पुढच्याच वर्षी, १८१५ मध्ये, कंपनीनं या गुरखा शत्रूची भरती सुरू केली. १९४७ साली दहा गुरखा पलटणींची वाटणी झाली, तेव्हा सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. या सव्वाशेहून अधिक वर्षांत खुकुरी पलटणीची निशाणी झाली आणि संग्राहकांच्या कपाटातही पलटणीच्या वाटेनंच शिरली. म्हणून संग्राहक आधी शोधतो ते सरकारी शिक्का, साल, तुकडीचा क्रमांक. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात लांब पात्यांच्या खुकुऱ्यांचे ढीग होते आणि अनेकींवर देवनागरीत कोरलेली अक्षरं आणि आकडे. अमेरिकेतला संग्राहक भिंग घेऊन ती अक्षरं लावत बसतो; मराठी वाचकाला ती सहज वाचता येतात. वाचून कळतं काय, तर पातं कोणत्या तुकडीचं आणि कितवं. ते घडवलं कुणी, हे क्वचितच कळतं.

घडवणारे कामी. नेपाळमधली लोहारकाम करणारी ही जात. आज त्यांतले पुष्कळ जण विश्वकर्मा किंवा नुसतं ‘वि.क.’ असं आडनाव लावतात. पंतप्रधान जंगबहादूर राणाच्या अमलात १८५४ साली मुलुकी ऐन हा कायदा झाला आणि त्यानं जातींची उतरंड लेखी बांधून टाकली. तळाच्या वर्गात कामी, दमाई, सार्की, म्हणजे लोहार, शिंपी, चर्मकार. या वर्गाची कायद्यातली ओळखच ‘पानी नचल्ने’ अशी होती: यांच्या हातचं पाणी चालत नाही. शिवाय यांचा स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून घ्यायचं. ज्या हातानं पोलादाला पाजलेलं पाणी राजाच्या कमरेला मिरवत होतं, त्याच हातचं घागरीतलं पाणी शेजाऱ्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐननं या उतरंडीचा कायदेशीर आधार काढून घेतला. तरी २०११ साली अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत गावोगावी काय चाललं असेल ते उमगतं.

आपण यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. आपला लोहार थोरल्या कासेचा बलुतेदार होता, अस्पृश्य नव्हता, एवढा फरक खरा. पण पाण्यावरून माणूस वेगळा काढण्याची विद्या आपल्यालाही येत होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा आहे. आणि व्यवस्थेचा सांगाडा तर ओळखीचाच. नेपाळचा कामी ठरलेल्या घरांची अवजारं वर्षभर घडवायचा, शेवटायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा; याला बालिघरे म्हणतात. पश्चिम नेपाळात त्याला ‘खलो’ असा शब्द आहे, आणि तो ऐकताच आपल्या खळ्यावर सूप धरून उभा राहिलेला बलुतेदार आठवतो. खंडेनवमीला आपण हत्यारं पूजतो, तसं दशैंमध्ये तिथेही हत्यारांना अक्षता-फुलं वाहतात. त्या दिवशी खुकुरी देवघरापाशी असते. तिला जन्म देणारा अंगणात.

यावर कुणी म्हणेल, संग्राहकांना कशाला बोल लावता? त्यांच्यामुळेच तर आरनं, म्हणजे तिथल्या लोहारशाळा, पेटती आहेत. हे बऱ्याच अंशी खरं आहे. गावात कारखान्याची स्वस्त अवजारं आली, तरुण आखातात आणि मलेशियात मजुरीला गेले. परदेशातून मागणी नसती तर कित्येक भट्ट्या कधीच निवल्या असत्या. पण मागणी कशाची, हे विचारायलाच हवं. भिंतीच्या मागणीतून निघतात ती एका हातानं उचलवणार नाहीत अशी अजस्र पाती, त्यांवर ड्रॅगन, त्यांना सिनेमातल्या योद्ध्यांची नावं. त्यांतून कारागिराला पैसा मिळतो, पण त्याच्या नातवाला पाणी पाजणं शिकायचं कारण मिळत नाही. उलट जे गिऱ्हाईक लाकूड तोडून पाहतं, मुडपलेलं पातं परत करतं आणि चांगल्या पात्याला दुप्पट दाम मोजतं, त्याच्यासाठी किटली काळजीपूर्वक उचलली जाते. कारागिराला ग्राहकाची दया नको असते. आपलं काम कळणारा माणूस त्याला हवा असतो.

मग जुनी पातीही लाकडावर चालवायची का? नाही. नव्या पात्याचं पाणी जोखायचं, जुन्याचं राखायचं. आणि राखण्यात हात आखडता घेणंच जास्त असतं. जुन्या पात्यावरचा काळपट, घट्ट थर हा घातक गंज नव्हे; तो पोलादाला एक प्रकारे सांभाळतो. बोट फिरवल्यावर लाल भुकटी सुटते तो खरा गंज. तेवढाच तेल लावून, मऊ हातानं, दोनचार दिवस दम धरत काढायचा. वाळून बसलेलं जुनं वंगण रॉकेलमध्ये भिजवलं की सुटतं. “चकचकीत करून देतो” म्हणणाऱ्याच्या हाती पातं देऊ नये. फिरत्या चाकावर पहिल्यांदा जातात ती कोरलेली अक्षरं, मग कानशीच्या रेघा, म्हणजे कारागिराचा हात जिथे वाचता येतो त्या सगळ्या खुणा. आणि धार तापून निळसर झाली, तर तिथलं पाणीच उतरतं.

आपल्याकडची खरी परीक्षा पावसाळ्याची. कातड्याचं म्यान ओल धरतं, म्हणून जूनच्या तोंडाला खुकुऱ्या म्यानातून काढायच्या, बोटांचे ठसे पुसायचे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवून सुती कापडात वेगळ्या ठेवायच्या. स्वयंपाकाचं तेल चिकटून बसतं. ते मांसाला वापरायच्या पात्यापुरतंच. शिंगाची मूठ कोरडी पडली की तडकते, तिला किडाही लागतो. तिलाही अधूनमधून तेलाचं बोट लागतं. पातं मुठीत लाखेनं बसवलेलं असतं, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत खुकुरी ठेवली तर मूठ हलू लागते. आणि उपसताना म्यान पाठीकडून धरायचं. धारेच्या बाजूला बोटं गुंडाळली, तर पातं म्यानाची शिवण कापून बोटात उतरतं. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

हे सगळं मी नेमानं करतो. माझ्या वहीत प्रत्येक पात्याची लांबी, वजन, अक्षरं, विकत घेतल्याची तारीख आहे. ‘कुणी घडवली’ हा रकाना मी उशिरा आखला आणि तो एक नोंद सोडली तर रिकामा आहे.

ती एक नोंद पूर्व नेपाळातल्या भोजपूरच्या डोंगरातली. तिथल्या आरनात मी दिवसभर बसलो होतो. बिनपितळी, साध्या लाकडी मुठीची खुकुरी माझ्यासमोर तयार झाली. संध्याकाळी किटली आली, पाण्याची रेघ फिरली, पोलाद सुस्कारलं. लोहारानं वाळक्या लाकडावर पाच घाव घालून धार मला दाखवली आणि मी पैसे दिले. मग त्यानं मुलाला पिटाळून समोरच्या दुकानातून माझ्यासाठी चहा मागवला. घरात चूल पेटलेली दिसत होती. पाहुण्याला दुकानाचा चहा पाजतात, एवढाच अर्थ मी तेव्हा लावला. मुलुकी ऐनबद्दल वाचलं ते पुढे कधीतरी, आणि मग तो चहा पुन्हा आठवला. पाहुण्याला आपल्या हातचं चालेल की नाही, हा प्रश्न त्यानं मला पडूच दिला नव्हता.

पाण्याची घागर आरनाच्या दाराशीच होती. दिवसभर भट्टीपाशी बसून घसा कोरडा पडला होता, आणि मी पाणी मागितलं नव्हतं.