पितळेचा साप आणि आपला क्रूस



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळच्या मिस्सानंतर मी चर्चबाहेर आलो, तर एक मावशी दाराशी उभ्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलाच्या नव्या मोटारसायकलवर मी पवित्र पाणी शिंपडले होते. हँडलला जपमाळही बांधलेली होती. त्याच गाडीवरून पडून मुलाचा पाय मोडला होता.

"फादर, तुम्ही आशीर्वाद दिला होता ना? मग असं कसं झालं?"

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "लोक म्हणाले, कुणीतरी करणी केलीय. मी भगताकडे जाऊन आले. त्याने दोन हजार रुपये घेतले आणि पोराच्या दंडाला दोरा बांधायला दिला."

मला त्यांचा राग आला नाही, माझाच आला. आशीर्वादाच्या दिवशी मी घाईत होतो. पाणी शिंपडले आणि निघालो. आशीर्वाद म्हणजे काय, हे मी त्या घराला सांगितलेच नव्हते. माझे पाणी चालले नाही, म्हणून त्या दुसऱ्याच्या दोऱ्याकडे गेल्या.

१४ सप्टेंबरला ख्रिस्तसभा पवित्र क्रुसाचा सण साजरा करते. त्या दिवशी गणना पुस्तकाच्या २१व्या अध्यायातून वाचन होते. अरण्यात इस्राएल लोकांना विषारी साप चावू लागले, तेव्हा देवाच्या आज्ञेवरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर टांगला. त्याच्याकडे जो पाही तो वाचे. पण ही कथा इथे संपत नाही. शेकडो वर्षांनंतर यहूदाचा राजा हिज्कीया याने तोच साप फोडून टाकला, असे राजे या दुसऱ्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात सांगितले आहे. का? कारण लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले होते.

विचार करा. तो साप परक्यांच्या देवळातून आलेला नव्हता. तो देवानेच दिलेला होता. बोट चंद्र दाखवते, पण माणूस बोटालाच धरून बसला. देणारा विसरला गेला आणि दिलेली वस्तू देव होऊन बसली.

१३व्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनी खोट्या भक्तीचे दोन प्रकार सांगितले आहेत: ज्याची उपासना करू नये त्याची करणे हा एक, आणि खऱ्या देवाचीच, पण चुकीच्या रीतीने उपासना करणे हा दुसरा. पहिला प्रकार आपल्याला चटकन दिसतो, तोही बहुधा दुसऱ्यांच्या घरात. दुसरा आपल्याच गळ्यात क्रूस बनून लटकत असतो. मेडल घातले म्हणजे अपघात होणार नाही, नोव्हेना केली म्हणजे नोकरी मिळालीच पाहिजे, असे म्हणणारा माणूस देवावर विश्वास ठेवत नाही, तो देवाशी सौदा करतो.

सैतानाला हे चांगले ठाऊक आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात तो प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. त्यासाठी तो कशाचा आधार घेतो? देवाच्या रक्षणाची ग्वाही देणाऱ्या ९१व्या स्तोत्राचा! देवाचे वचन खरे आहे, पण ते देवाची परीक्षा पाहण्यासाठी नाही. प्रभूने उडी टाकली नाही.

मग देव आपले रक्षण करतो म्हणजे काय करतो? शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने आपल्या शिष्यांसाठी प्रार्थना केली. पित्याने त्यांना जगातून काढून घ्यावे असे त्याने मागितले नाही. दुष्टापासून त्यांना राखावे, एवढेच मागितले. शिष्यांना मार चुकला नाही, तुरुंग चुकला नाही. पण दुष्टाला त्यांना पित्यापासून तोडता आले नाही. हेच ते रक्षण. हाड मोडू शकते, धंदा बुडू शकतो. पण आपण कोणाचे आहोत, हे स्नानसंस्काराच्या दिवशी ठरलेले आहे, आणि ते कोणतीही करणी पुसू शकत नाही.

म्हणून पवित्र पाणी जरूर घ्या. त्याच्या स्पर्शाने आपला स्नानसंस्कार आठवा. जपमाळ गाडीला बांधण्याबरोबर रात्री घरात एकत्र बसून म्हणा. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही करा. कोणी भीतीपोटी भगताची पायरी चढला असेल, तर त्याने लाजून चर्चपासून दूर राहू नये. प्रायश्चित्त संस्कारासाठी या. इथे तुम्हाला कोणी हाकलणार नाही.

त्या मावशींच्या घरी मी पुढच्याच आठवड्यात गेलो. दोरा त्यांनी स्वतःच्या हाताने कापला. मुलगा आजही थोडा लंगडतो, पण दर रविवारी मिस्साला येतो. त्या दिवशी मी पाण्याची बाटली काढली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पाणी नंतर, फादर. आधी बसा, आमच्यासोबत प्रार्थना करा."

मी बसलो. खरा आशीर्वाद त्या घरावर त्या दिवशी उतरला, असे मला वाटते.

प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना सर्व वाइटापासून राखो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू