माफ करणारं पोलाद

गोल्फचे आयर्न घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो तो थेट नीतिशास्त्रातला: ‘फर्गिव्हिंग’ हवेत की ‘वर्केबल’? म्हणजे चुका पोटात घालणारे हवेत, की सांगाल तसं ऐकणारे?

फरक आहे वजनाच्या जागेचा. जुन्या वळणाच्या ब्लेडमध्ये पोलाद मधल्या भागामागे एकवटलेलं असतं. चेंडू जरा टोकाकडे लागला की क्लबचं डोकं फिरतं, टोला आखूड पडतो आणि थंडीच्या सकाळी बोटांना झिणझिण्या येतात. जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंते कार्स्टन सोल्हाइम स्वतःच्या पटिंगला वैतागले होते. 1959 साली त्यांनी वजन टाचेकडे आणि टोकाकडे वाटलेला पटर काढला. चेंडूला लागताना तो ‘पिंग’ असा वाजे, तेच पुढे कंपनीचं नाव झालं. मग तीच युक्ती आयर्नमध्ये आली. पाठ पोखरून पोलाद कडांना सारलं की डोकं सहजी फिरत नाही, आणि चुकलेला टोलाही बऱ्यापैकी सरळ जातो.

याला क्षमा म्हणावं का? क्षमा करणाऱ्याला आधी अपराध कळलेला असतो. क्लबला काहीच कळत नाही, तो फक्त परिणाम बोथट करतो. त्यामुळे चूक कुठली आणि हेतू कुठला, हा भेदही त्याच्यापाशी नाही. झाडाला वळसा घालून चेंडू आणायचा असेल, वाऱ्याखालून बुटका मारायचा असेल, तर सांभाळून घेणारी तीच जाडजूड घडण खेळाडूच्या आड येते. (चेंडू वळवतात ते शेवटी हातच, पण किती झगडून, हा प्रश्न उरतो.) काहीही केलं तरी चालतं अशा घरात मुलाचं बंडही कुणाच्या लक्षात येत नाही, तसंच काहीसं.

ब्लेडवाले म्हणतात, झिणझिण्या शिकवतात. मला हे अर्धंच पटतं. बोटांना बातमी कळते खरी, पण तिचा उपयोग व्हायला त्यानंतर शेकडो चेंडू मारावे लागतात. रविवारी एकदा मैदानावर जाणाऱ्याच्या वाट्याला नुसती शिक्षा येते, शिक्षण येत नाही. तरी तो ब्लेडच घेतो, कारण पिशवीत ते शोभून दिसतं. कठोर गुरूंचं कौतुकही पुष्कळदा असंच असतं. ते करणाऱ्यांना सरावाला वेळ मिळालेला असतो.

गंमत म्हणजे कित्येक व्यावसायिक खेळाडू हा वाद सोडवतच नाहीत. नियमाने पिशवीत 14 क्लब चालतात. त्यांत लांब पल्ल्याचे आयर्न ते माफ करणारे ठेवतात, कारण तिथे चूक मोठी आणि मागणी साधी: चेंडू लांब जावा. ध्वजाजवळ नेणारे आखूड आयर्न मात्र ब्लेडचे. सीमा कुठे आखायची, सहाच्या आयर्नवर की सातच्या, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि वय वाढतं तशी ती दर काही वर्षांनी नव्याने आखावी लागते.